सुधाकररावांचं वांगं आणि बयनाबाईचा पेपर

आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी मंडलातल्या एका मराठी बोलणाऱ्या गावात बयनाबाई सोळा वर्षं अंगणवाडीची आया आहे. कागदावर आयाचं काम ठरलेलं असतं. झाडायचं, पाणी भरायचं, अंडी उकडायची, पोरांची नाकं पुसायची. कागदाबाहेर बयनाबाई गाणी शिकवायची, अंक म्हणून घ्यायची, रडणाऱ्याला हसवायची आणि हसणाऱ्याला गप्प बसवायची. कारण टीचरबाई कायम आदिलाबादेत मीटिंगला. मीटिंगा एवढ्या, की टीचर ही महिन्यातून एकदा येणारी पाहुणी आहे आणि ती आली की अंडं वेळेवर मिळतं, अशी गावच्या पोरांची समजूत झाली होती.

मागच्या वर्षी त्या टीचरबाई रिटायर झाल्या आणि जागा रिकामी झाली. आयेला टीचर करता येतं, असा नियम निघाला. वय पन्नाशीच्या आत पाहिजे आणि दहावी पास पाहिजे. बयनाबाईचं वय सेहेचाळीस, तेव्हा अर्धा नियम तर बसला. उरलेला अर्धा बसत नव्हता. आठवीत असताना कपाशीच्या वेचणीला म्हणून तिनं दोन आठवडे शाळा बुडवली होती, ती बत्तीस वर्षं बुडालेलीच राहिली.

“परीक्षा दे बयना,” अंगणवाडीच्या प्रोजेक्ट ऑफिसातल्या सुपरवायझर बाई म्हणाल्या. “नाहीतर उटनूरकडून कोणी तेलुगू बोलणारी टीचर येईल. मग पोरं काय म्हणतात ते तिला तूच समजावून सांगत बस.”

“म्हंजे सोळा वर्षं पोरं शिकवली, आता टीचरबी मीच शिकवू?” बयनाबाई म्हणाली. “पगार कोनाले?”

सुपरवायझर बाईंनी चहा मागवला. बयनाबाईनं ओपन दहावीचा फॉर्म भरला. माध्यम मराठी.

दर रविवारी आदिलाबादेत एका शाळेच्या वरच्या मजल्यावर ओपन दहावीचे वर्ग भरायचे. बाकं पाचवीच्या पोरांच्या मापाची आणि विद्यार्थी त्यांच्या आईबापांच्या मापाचे, त्यामुळे एकदा बसलेल्याला उठायला शेजाऱ्याचा हात लागायचा. मराठीला यशवंतराव सर होते. रिटायर झालेले, तरी शर्टाला कडक इस्त्री आणि मराठी शर्टाहून कडक. सरांचे आईवडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. सरांनी ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘काऊन’चं ‘का’ केलं आणि तेवढ्या जोरावर आपण हेडमास्तर झालो असं ते स्वतः सांगत. वर्गात बोलीचा एक शब्द पडला की पायात बोरीचा काटा रुतल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. बयनाबाई पहिल्या बाकावर बसायची आणि असे काटे भाराभर घेऊन यायची.

अलंकारांचा धडा निघाला तो दिवस वर्गाच्या अजून लक्षात आहे.

“उपमा,” सरांनी फळ्यावर लिहिलं. “दोन वस्तूंमधलं साम्य चमत्कृतीनं सांगितलेलं असतं, तिथं उपमा अलंकार होतो. सारखा, जसा, प्रमाणे, असे शब्द येतात. उदाहरण, तिचे मुख कमळासारखे सुंदर आहे. लिहून घ्या.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. बयनाबाईचा पेन हलला नाही.

“कोनाचं मुख, सर?”

“कोणाचंही.”

“तुमी कमळ पाह्यलं का? मी पाह्यलं, मावल्याच्या तलावात. चांगलं ताटायेवढं असते, गोल, गुलाबी, पान्यानं फुगलेलं. येवढं तोंड एखाद्या बाईचं असन त तिले आधी दवाखान्यात न्या.”

वर्गात हशा फुटला. सरांनी डस्टर आपटला.

“बाई, हा कवींचा संकेत आहे. शेकडो वर्षांचा.”

“शेकडो वर्षांत एकानंबी नाई नेलं तिले?”

“हे पाहा,” सर शांतपणे म्हणाले. ते रागावले की जास्त शांत होत. “तपासणाऱ्याकडे उत्तराचा नमुना असतो. नमुन्यात कमळ आहे. तुम्ही कमळ लिहिलंत की गुण मिळतील. दुसरं काही लिहिलंत तर भोपळा.”

“भोपळ्याची भाजी तरी होते, सर.”

आठवड्यानं चाचणी झाली. उपमेच्या उदाहरणात बयनाबाईनं लिहिलं, ‘द्वारकाबाईचा नवरा बिघडलेल्या मोटारपंपासारखा आहे. लाईन येते, पाणी येत नाही.’ सरांनी लाल पेनानं भलंमोठं शून्य काढलं आणि शेजारी एकच शब्द लिहिला. ग्राम्य.

“ग्राम्य म्हंजे काय, सर?”

“गावंढळ.”

“मंग थे त बरोबरच हाये, गावचीच हाये मी. चूक कुठं हाये थे सांगा. दोन वस्तू हायेत? हायेत. ‘सारखा’ हाये? हाये. साम्य हाये का नाई थे द्वारकाबाईले इचारून या.”

“चमत्कृती नाही,” सर म्हणाले.

“सारा वर्ग हासून राह्यला. फुकट हासून राह्यला का?”

“पेपर वर्ग तपासत नाही,” सर म्हणाले आणि पुढच्या अलंकाराकडे वळले. वळावंच लागलं, कारण मागच्या बाकावरचे दोन होमगार्ड अजून मोटारपंपावरच होते.

पण बयनाबाईचं खरं दुखणं उदाहरणांचं नव्हतंच. उदाहरणं तिच्या तोंडातून शेंगेतून दाणे पडावेत तशी पडायची. अडायचं नावांपाशी. उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती. दुपारी पोरं झोपली की ती अंगणवाडीच्या ओट्यावर बसून घोकायची आणि पोरं उठेपर्यंत उत्प्रेक्षेत अतिशयोक्ती मिसळलेली असायची. तिची मुलगी अर्पिता इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होती. ती म्हणाली, “आई, फिजिक्स याच्याहून सोपं हाये.”

शेवटी बयनाबाईनं गावाची रीत वापरली. त्या पट्ट्यात माणसाला दोन नावं असतात. एक रेशनकार्डावरचं आणि एक लोकांनी ठेवलेलं. मोठं नाक, तोतरं बोलणं, सासरी पहिल्याच दिवशी केलेला गोंधळ, काहीही पुरतं. आणि लोकांनी ठेवलेलं नाव कोणी विसरत नाही. बयनाबाईनं पाच अलंकार घेतले आणि गावावर ठेवून दिले.

उपमा द्वारकाबाईला. तिला कोणतीच वस्तू नुसती दिसत नाही. सून टेम्पोसारखी, जावई तहसीलसारखा, भाजी औषधासारखी. उत्प्रेक्षा किराणा दुकानवाल्या पंढरीला, कारण त्याला सगळं जग ‘जणू’ दिसतं. बस उशिरा आली की जणू डायव्हरनं याचाच माल अडवला, समोर दोघं हसले की जणू याच्याच तराजूवर हसले. चेतनगुणोक्ती म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं बोलणं. ती चंपाबाईला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या चंपाबाईची कढई रुसते, सिलिंडर आजारी पडतं आणि कुकर तिला उलटून बोलतो. अतिशयोक्ती सुधाकररावांना, यात निवडायला काही नव्हतंच. राहिलं रूपक. रूपकात ‘सारखं’ आणि ‘जणू’ची भानगड नाही, अमुक म्हणजेच तमुक असं ठोकून सांगायचं. ते तिनं स्वतःला ठेवून घेतलं.

गावात बातमी फुटायला दोन दिवस लागले. सुधाकरराव चांगले दहा एकरांचे धनी, धोतर पांढरं आणि मिशा काळ्या. ते स्वतः अंगणवाडीच्या दारात आले.

“काय वं बयना, तू म्हने गावाले नावं ठेवून राह्यली. मले कोनतं देलं?”

“अतिशयोक्ती, सुधाकरराव.”

त्यांनी शब्द तोंडात घोळवला. “मोठं हाये का?”

“पाचात सगळ्यात मोठं.”

“मंग ठीक हाये,” म्हणाले आणि निघून गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी हे नाव हैदराबादहून मंजूर होऊन आल्याचं चावडीवर सांगितलं होतं. बयनाबाईची निवड चुकली नव्हती.

एप्रिलात परीक्षा लागली. मराठीच्या पेपराला यशवंतराव सर मुद्दाम गेटपाशी येऊन उभे राहिले. “बयनाबाई,” ते म्हणाले, “तुमच्यासाठी सांगतो, माझ्यासाठी नाही. कमळ लिहा. आणि उत्तरपत्रिकेत कुठंही स्वतःचं नाव, गाव लिहू नका. ओळख दिसली की पेपर रद्द होतो.”

“जय भीम, सर,” बयनाबाई म्हणाली आणि आत गेली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

सातवा प्रश्न होता, ‘पुढील पाच अलंकारांची व्याख्या लिहून प्रत्येकी स्वतःचे एक उदाहरण द्या. गुण दहा.’ बयनाबाईनं ‘स्वतःचे’ या शब्दावर बोट ठेवून तो तीनदा वाचला. कमळ स्वतःचं नव्हतं. तलाव मावल्याचा, कमळ कवींचं. तिनं लिहायला घेतलं.

मोटारपंप तिनं बदलला नाही. उत्प्रेक्षेत लिहिलं, ‘कापूस फुटला की आमच्या गावचा पंढरी म्हणतो, जणू साऱ्या गावानं एकदाच पांढरं धुणं वाळत टाकलं.’ पुढं, ‘चंपाबाईचं सिलिंडर महिनाअखेरीला आजारी पडतं आणि पाहुणे दिसले की जीव सोडतं.’ मग, ‘सुधाकररावांच्या मळ्यातल्या एका वांग्याच्या सावलीत बस उभी राहते, पाशिंजरांसकट.’ शेवटी रूपक. तिथं ती थांबली. रूपकाला माणूस ती स्वतः होती आणि स्वतःचं नाव लिहायचं नव्हतं. तिनं लिहिलं, ‘एक बाई म्हणते, आया म्हणजे अंगणवाडीचा उंबरठा. सगळे तिला ओलांडून जातात, पण तिच्याशिवाय चौकट उभी राहत नाही.’ नियम पाळल्याच्या समाधानात तिनं पेपर दिला आणि बसस्टँडवर भजी खाल्ली.

जूनमध्ये निकालाची यादी लागली. बाकीच्या विषयांत ती पास होती, गणितात तर काठावर नाही, चांगली दोन बोटं वर. मराठीसमोर लिहिलं होतं, निकाल रोखला. मागून तेलुगूत एक नोटीस आली. अर्पितानं ती वाचली आणि तिचा आवाज उतरत गेला.

“उत्तरपत्रिकेत माणसायची नावं लिहून ओळख देल्याचा संशय. सतरा तारखेले खुलासा द्यायले हजर व्हा. नाहीतर पेपर रद्द.”

“आन टीचरच्या अर्जाची शेवटची तारीख?”

“वीस.”

गावात शोकसभा भरल्यासारखं झालं. पंढरी म्हणाला, जणू त्याच्यामुळेच झालं. यावेळी तो पंचवीस टक्के बरोबर होता. सुधाकरराव म्हणाले, मी कलेक्टरला फोन लावतो. त्यांच्याकडं कलेक्टरचा नंबर नव्हता. आणि त्यांच्या फोनात बॅलन्सही नव्हता.

सतरा तारखेला बयनाबाई धुतलेली पांढरी साडी नेसून परीक्षेच्या ऑफिसात गेली. टेबलामागे एक साहेब होते, तेलुगू माणूस, चष्मा कपाळावर. शेजारी कारकून, हातात तिची फाईल. आणि भिंतीकडच्या खुर्चीवर यशवंतराव सर, इस्त्रीसकट. साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून उत्तर वाचून अर्थ सांगायला त्यांना बोलावलं होतं. सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

कारकुनानं आधीच एक कागद तयार ठेवला होता. “अम्मा, ये माफीनामा है,” तो म्हणाला. “गलती हुई, फिर नहीं होगी. नीचे दस्तखत करो. अक्टूबर में फिर से पेपर लिखो. बात खतम.”

“ऑक्टोबरात?” बयनाबाई म्हणाली. “अर्जाची तारीख वीस हाये. तीन दिवस. ऑक्टोबरात मी काय, नव्या टीचरच्या चपला मांडू?”

“नियम है, अम्मा.”

“कोनता नियम? वाचून दाखवा.”

कारकुनानं उत्तरपत्रिकेचं पहिलं पान उलगडून सूचना वाचली. परीक्षार्थीनं स्वतःचं नाव, गाव, नंबर आत कुठंही लिहू नये.

“स्वतःचं,” बयनाबाई म्हणाली. “आता आत कोनाचं नाव हाये थे वाचा.”

“सुधाकरराव. पंढरी. चंपाबाई. द्वारकाबाई.”

“मंग? मी तुमाले सुधाकरराव दिसून राह्यली का? मिशा पाहा बरं नीट.”

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “एमम्मा,” ते तेलुगूत म्हणाले, आणि मग हिंदीत, “मगर ये लोग तुम्हारे गाँव के हैं ना? जाँचनेवाला पहचान सकता है.”

“साहेब,” यशवंतराव सर घाईनं मध्ये पडले, “ही पात्रं आहेत. म्हणजे, कॅरेक्टर. कल्पित.” बयनाबाईला वाचवायला सरांनी आयुष्यात पहिल्यांदा थोडी सूट घेतली होती.

तिनं ती घेऊ दिली नाही. “कल्पित नाईत साहेब, सच्चे हैं. खोटं काऊन बोलू? सुधाकरराव ह्या घडीले चावडीवर बसून हायेत. उदाहरनात खरा माणूस नको असं पेपरात कुठं लिवलं? उलटं लिवलं हाये. सर, सातवा प्रश्न वाचा. मोठ्यानं वाचा.”

कारकुनानं प्रश्नपत्रिका काढून दिली. सरांनी वाचली. “पुढील पाच अलंकारांची व्याख्या लिहून प्रत्येकी… स्वतःचे एक उदाहरण द्या.”

“स्वतःचे,” ती म्हणाली. “म्हंजे माह्यं. माह्या गावात जे माणसं हायेत तेच माह्या उदाहरनात येतील. कोनाकडून उसने आनू? अन् रूपकाचं पाहा. थे रूपक माह्यं स्वतःचं हाये, तिथं मी नावच नाई लिवलं. एक बाई, येवढंच. नियम होता म्हणून.”

कारकून हा गडी हुशार होता. त्यानं पान पुढं सरकवलं. “साब, देखो. इधर अंगनवाड़ी की आया लिखा है. ये भी आया है. पहचान हो गई.”

बयनाबाईनं वाकून ती ओळ पुन्हा वाचली. मग ती म्हणाली, “जिल्ह्यात आया किती हायेत, मोजा. साऱ्यांले बोलवा. एकीनंबी म्हटलं का हे माह्यं नाई, बयनाचंच हाये, त मी सही करते.”

साहेब कारकुनाला सोडून सरांकडं वळले. “सर, आप बताइए. ये उत्तर सही है या गलत? नमूने में तो कमल लिखा है.”

सरांनी उत्तरपत्रिका हातात घेतली. ज्या बोलीतून बाहेर पडायला त्यांचं सारं आयुष्य गेलं, तीच बोली ही बाई सरकारी कागदावर आणून बसवत होती, आणि वरून तिला पाट मागत होती. ते म्हणाले, “नमुन्यात नाही. शैली ग्राम्य आहे.”

“सर,” बयनाबाई म्हणाली. यावेळी आवाजात चिडवणं नव्हतं. “तुमी सांगा ना एक. कोनताबी अलंकार घ्या. पन उदाहरन स्वतःचं.”

“मुखचंद्र,” सर लगेच म्हणाले.

“थे पुस्तकाचं झालं.”

“चरणकमल.”

“कमळ तुमचं नाई, सर. अन् चरणबी नाई.”

बत्तीस वर्षं सरांनी अलंकार शिकवले होते, हजारो पोरांचे पेपर तपासले होते, आणि त्या खुर्चीवर बसून त्यांना एक ओळ सापडेना. कपाळावर घाम आला. त्यांनी इस्त्रीची घडी मोडून रुमाल काढला. साहेबही थांबले, त्यांना भाषा पुरती कळत नव्हती, पण मास्तर अडलेला कोणालाही कळतो.

मग सर खाली बघत बोलले. “माझी आई वेचणीला जायची. कमरेला ओटी बांधून, ती कापसानं भरली की पोट पुढं यायचं. बांधावर बसायची आणि आम्हाला म्हणायची…” ते अडखळले. “म्हणायची, ‘पाहा रे पोट्टेहो, जणू सातवा महिना लागून राह्यला मले. संध्याकाळी वजनकाट्यावर बाळंत होते, अन् लेकरू शेटजी ठेवून घेते.’”

सरांच्या तोंडून ‘लागून राह्यला मले’ निघालं तेव्हा बयनाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. त्यांनीही ते ऐकलं असावं, कारण कान लाल झाले.

“मतलब?” साहेब म्हणाले.

सरांनी तेलुगूत अर्थ सांगितला. ओटी, कापूस, काटा, शेटजी. साहेब ऐकत होते. हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत.

“ये कौन-सा अलंकार?”

“उत्प्रेक्षा,” सर म्हणाले. “जणू आहे, म्हणून.”

“नमूने में है?”

“नाही.”

“सही है?”

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “बरोबर आहे,” ते म्हणाले. मग हातातली उत्तरपत्रिका टेबलावर ठेवून, अगदी हेडमास्तरी थाटात, “आणि हिची पाचही बरोबर आहेत. मी चाचणीत शून्य दिलं होतं. ते चुकलं होतं.”

कारकून म्हणाला, “साब, मगर माफीनामा?”

“कशाचा माफीनामा?” बयनाबाई म्हणाली. “चूक काय झाली थे आधी त्यात लिवा. थे लिवलं का मी खाली सही करते.”

साहेबांनी माफीनामा उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पाठकोऱ्या बाजूवर तेलुगूत तीन ओळी लिहिल्या. परीक्षार्थीनं स्वतःचं नाव लिहिलेलं नाही, पेपर दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घ्यावा, वीस तारखेच्या आत. बयनाबाईनं कारकुनाकडून त्याची नक्कल मागितली. शिक्क्यासकट.

बाहेर पायऱ्यांवर सर म्हणाले, “कल्पित म्हणालो ते तुमच्यासाठी म्हणालो. मान डोलावली असती तर पाच मिनिटांत सुटला असता.”

“सुटले असते,” बयनाबाई म्हणाली. “पन सुधाकररावाचं काय? कल्पित झालो म्हनून थे जीव देते ना, सर.”

वीस तारखेला ती सकाळच्या बसनं आदिलाबादेत पोचली, तेव्हा ऑफिसचं कुलूप अजून उघडलेलं नव्हतं. निकाल अकराला हातात आला. मराठी, एकसष्ट. पास. फाईल बंद करायची म्हणून कारकुनानं उत्तरपत्रिका समोर धरून पोच द्यायला सांगितलं. बयनाबाईनं सही करायच्या आधी सातवा प्रश्न उघडला. दहापैकी नऊ.

“एक कुठं गेला?”

“अम्मा!” कारकुनानं कपाळाला हात लावला. “पास हो गए ना!”

“थे पास झाल्याचं मले दिसून राह्यलं. एक कुठं गेला थे नाई दिसून राह्यलं.”

तिनं उभ्यानं सगळं वाचून काढलं. उदाहरणांना पाचही ठिकाणी बरोबरच्या खुणा होत्या. वांग्यापाशी तर परीक्षकाचा पेन जरा हलल्यासारखा दिसत होता. मार्क गेला होता तो चेतनगुणोक्तीच्या व्याख्येत. ‘वस्तू माणसासारखी वागते’ असं तिनं लिहिलं होतं. ‘निर्जीव’ हा शब्दच राहून गेला होता. समासात लाल शाईनं लिहिलं होतं, व्याख्या अपुरी.

बयनाबाईनं दोनदा वाचलं. “हा बरोबर कापला,” ती म्हणाली. “यानं वाचून तपासलं.” आणि सही केली.

तिथून ती चालत प्रोजेक्ट ऑफिसला गेली, कारण ऑटोवाला भाव करत बसला आणि तिला वेळ नव्हता. खिडकीपाशी रांग होती. सहाव्या जागेवर उटनूरकडची एक तरुण बाई उभी होती, हातात फाईल, पायात नवे बूट. बयनाबाई तिच्या मागे सातवी. तिचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसानं अर्ज घेतला, दहावीचा कागद उलटासुलटा पाहिला, शिक्का मारला आणि पोच लिहायला लागला.

“नाव, बयनाबाई,” तो बोलत बोलत लिहीत होता, “हुद्दा, आया…”

“खोडा थे,” बयनाबाई म्हणाली.

“काऊन? आयाच हाये ना तू?”

“अंगणवाडीत हाये. ह्या खिडकीत नाई. हिच्या पोचवर काय लिवलं?” तिनं बुटांवाल्या बाईकडं बोट दाखवलं. त्या बाईनं गोंधळून आपली पोच पुढं केली. तिच्यावर ‘उमेदवार’ असं होतं.

“मंग माह्यावरबी तेच लिवा.”

मागं रांग कुरकुरायला लागली. खिडकीतल्या माणसानं रांगेकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, बयनाबाईकडं पाहिलं. ती हलणार नव्हती, हे तिघांपैकी कोणाकडंही पाहून कळत होतं. त्यानं ‘आया’वर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात नवा शब्द लिहिला.

“मोठ्यानं लिवा जरा,” बयनाबाई म्हणाली.